हिरव्या कूपेचा लिलाव

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्यासमोर घडली ती माणसं आजही याच शहरात राहतात, आणि त्यातलं कुणीही भुताखेतांवर विश्वास ठेवणारं नव्हतं.

गेल्या एप्रिलमधली. छत्रपती संभाजीनगरला बीड बायपासवरच्या एका मंगल कार्यालयाच्या आवारातली. रात्रीची नाही... भर दुपारची.

जुन्या गाड्यांचा लिलाव होता. रांगेत शेवटी एक गडद हिरवी स्पोर्ट्स कूपे उभी होती. दोन दारांची, बसकी, लांब नाकाची.

आप्पासाहेबांच्या मुलाची. सुदर्शनची.

पिशोरला एका गोठ्यामागं गंजत पडलेली ही गाडी त्याने उस्मानपुऱ्यातल्या घरी आणली होती. सुट्टीच्या दिवशी एकेक भाग जुळवत उभी केली. ती रस्त्यावर आली, त्याच वर्षी तो गेला. अपघात नाही, आजार नाही. झोपेतच.

दहाव्याला कायगावच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. त्याची काही इच्छा राहिली असेल म्हणून एकेकाने हात जोडून शब्द दिला. आप्पासाहेबांनीही दिला. कावळे झाडावरून हलले नाहीत.

मग त्याची बायको, तनुजा, पुढं झाली.

"तुमची गाडी विकणार नाय."

कावळा लगेच उतरला.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन गाडीत बसू लागली. चालकाशेजारच्या सीटवर. बाहेर यायची ती हसऱ्या चेहऱ्याने. पण जेवायची नाही.

"भूक नाय, मामा," सासऱ्यांना म्हणायची. "आत्ताच बोलत बसलो होतो आम्ही."

पोरगी डोळ्यांदेखत वाळत चालली. मुलगा गेला, आता सूनही जाणार, या धास्तीने आप्पासाहेबांची झोप उडाली. गाडी कागदोपत्री त्यांच्याच नावावर होती. त्यांनी ती लिलावाला लावली.

"तुम्ही मोठे," तनुजा म्हणाली. "पण शब्द माझा हाय, मामा. मी तो मागं घेतलेला नाय."

लिलावाला ती आली नाही.

बोली सुरळीत झाली. नाशिकच्या एका गृहस्थाने गाडी घेतली. ट्रेलर आला. ड्रायव्हर मल्हारीने आत वाकून हँडब्रेक सोडला, दार लावलं. चौघांनी मागून जोर लावला.

गाडी हलली नाही.

मल्हारीने आत पाहिलं. हँडब्रेक ओढलेला.

"कुणी ओढला रे ह्यो?"

त्याने पुन्हा सोडला. दार लावलं.

कर्र... कर्र... कट्.

सगळ्यांनी ऐकलं. आत कुणी नव्हतं.

"नवरीवाणी करायली, मालक," मल्हारी कसंबसं हसत म्हणाला. "माहेर सोडंना."

कुणी हसलं नाही.

कारण चालकाच्या बाजूची काच आतून धुरकट होत होती. तळहाताएवढी जागा. धूसर व्हायची... विरायची... पुन्हा धूसर व्हायची.

कुणीतरी काचेला तोंड लावून श्वास सोडावा तशी.

बाकीच्या काचा कोरड्या, उन्हाने तापलेल्या.

मल्हारी मागं सरला. "आप्पासाहेब, ह्ये माझ्या हातचं नाय. तुमीच बोला."

"कुणाशी?"

मल्हारीने धुरकट काचेकडं बोट केलं.

आप्पासाहेब काचेपाशी वाकले.

"सुदर्शन... सोड बाबा. ती जेवत नाय रे. लई खंगली."

श्वास तसाच चालू.

"बाप असून पाया पडतो तुझ्या."

काहीच नाही.

मग त्यांनी आणखी एक वाक्य उच्चारलं. अगदी हळू. शेजारी उभ्या मल्हारीला ते ऐकू आलं.

"तनुजानंच विकायला सांगितलं. तिला नको हाय आता ही गाडी."

काचेवरचा श्वास थांबला.

धूसर डाग कडेकडेने आक्रसत गेला... आणि नाहीसा झाला.

आतून एकच आवाज आला. खट्.

ब्रेक सुटला होता. जमीन सपाट होती, कुणाचाही हात लागलेला नव्हता. तरी गाडी पुढं सरकली... सावकाश... आणि ट्रेलरच्या फळ्यांपाशी जाऊन निमूट उभी राहिली.

त्या संध्याकाळी तनुजा आपण होऊन ताटावर बसली. भाकरी मोडली, घास घेतला. हेच पाहायला मिळावं म्हणून आप्पासाहेबांनी सगळं केलं होतं.

घास गिळून ती म्हणाली, "मामा, दुपारी ते आले होते."

आप्पासाहेबांचा हात थांबला.

"दारात उभे होते. आत या म्हणलं, तर आले नायत. नुसतं माझ्याकडं बघत राहिले... आन् गेले."

"काही बोलला?"

"नाय. पहिल्यांदाच काही बोलले नायत." तिने मान वर केली. "माझं काय चुकलं का हो, मामा?"

आप्पासाहेबांनी तिच्या ताटात भाजी वाढली.

तनुजा आता वेळेवर जेवते. तब्येतही सुधारली आहे. तो प्रश्न मात्र ती अधूनमधून विचारते.

आप्पासाहेब दुपारचे झोपत नाहीत. दार सताड उघडं टाकून समोर खुर्चीवर बसून असतात. तो पुन्हा आला, तर खरं काय ते सांगायचं म्हणून.

अजून कुणी आलेलं नाही.