त्या धुनेला नाव ठेवू नये

टायग कॉन्सिडाइन शनिवारी बाजाराला गेला तो फिडलची एक तार आणि चहाची पुडी आणायला. एवढंच काम. तार घ्यायची, पुडी घ्यायची, गाढव गाडीला जुंपायचं आणि उजेड आहे तोवर घर गाठायचं. पण बाजारात गेलेला फिडलवाला सरळ घरी आला, असं क्लेअर परगण्यात कुणी ऐकलंय का?

गुत्त्याच्या मागच्या खोलीत डब्लिनहून रेडिओचा माणूस येऊन बसला होता. सोबत चकतीवर आवाज कोरणारं यंत्र. जुन्या धुना गोळा करतो म्हणे. गुत्तेवाल्यानं टायगला आत ढकललं, हातात काळ्या बिअरचा पेला दिला. टायगनं बापाकडून आलेली एक जिग, म्हणजे नाचाची धून, वाजवली. वाजवली अशी की रेडिओवाल्याची सिगारेट बोटात जळून गेली आणि त्याला पत्ताच नाही.

मग त्यानं नाव विचारलं.

आता तिकडची रीत अशी, की धुनेचं नाव कुणी विचारत नाही. कुणाकडून घेतलीस, एवढंच विचारतात, आणि त्या माणसाचं नाव धुनेला चिकटतं. पण या एका जिगेबद्दल टायगच्या बापानं बजावून ठेवलं होतं, की हिला नाव नाही म्हणायचं आणि गप बसायचं. टायग तसं म्हणालाही. रेडिओवाला हसला. पुढल्या आठवड्यात रविवारी लावायची आहे, बिननावाची धून रेडिओवर कशी सांगणार, काहीतरी द्याच म्हणाला. शहाण्या माणसानं इथं उठून तार विकत घ्यायला जावं. पण दुसरा पेला पोटात गेला होता, आणि सकाळी ताक घुसळताना लेक हीच जिग गुणगुणत होती ते डोळ्यांसमोर आलं.

"डेलिया कॉन्सिडाइन," तो म्हणाला. "लेक आहे माझी."

घरी आला तर डेलिया चुलीपाशी गुडघे घट्ट धरून बसलेली. सोळा वर्षांची पोर, एरवी एका जागी ठरेल तर शपथ.

"बा, खाली कोण नाचतंय?"

तिकडच्या घरांत चुलीपुढच्या फरशीखाली घोड्याची कवटी पुरतात. नाचणाऱ्याचा पाय घुमावा म्हणून. तुझ्या आज्यानं पुरलेला घोडाच उठला असेल, असं म्हणून टायग हसला. पण त्याची बायको हॅनोरा हसली नाही. ओल्या मातीचा वास येत होता. चूल तर धडधडत होती, टर्फच्या, दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, ढेपा लाल झाल्या होत्या, आणि वास येत होता खोल खणलेल्या खड्ड्याचा.

दुसऱ्या दिवशी डेलियानं अन्न सोडलं. अंथरुणात पडून राहिली, आणि गोधडीखाली पाय चाललेले. टाच, चवडा, टाच. जिगेचा ठेका. तोंड दिवसागणिक वाळत चाललं, पण पाय थकेनात. डॉक्टर येऊन रक्त कमी आहे म्हणाला. पाय का हलतात ते विचारलं तर टोपी घालून निघाला.

टायग म्हाताऱ्या ल्यूक शीडीकडे गेला. टायगच्या बापाबरोबर पाइप, म्हणजे पिशवीची सनई, वाजवलेला तेवढाच एक मागं राहिला होता. ल्यूकनं सगळं ऐकलं आणि विस्तव उकरला.

"बापानं सांगितलं नव्हतं तुला?"

"गप बस म्हणाला होता, ल्यूककाका. का, ते नाही सांगितलं."

मग ल्यूकनं त्या जिगेची कुळकथा सांगितली. त्याच्या लहानपणी तिला केट शीडी म्हणत. केट त्याची थोरली बहीण, गावात तिच्यासारखी नाचणारी नव्हती. त्याआधी ती एका विणकराच्या बायकोच्या नावानं वाजायची, आणि त्याहीआधी ज्या पाइपवाल्यानं ती कुठूनशी आणली त्याच्या पोराच्या नावानं. सगळी अशीच वाळून गेली. सगळ्यांचे पाय शेवटी थांबले. श्वासाच्याही नंतर. केट गेल्यावर ल्यूकचा बाप आणि टायगचा बाप घरोघर फिरले. राहवत नसेल तर वाजवा, पण नाव घेऊ नका, असं प्रत्येकाला सांगत.

"भुकेली ठेवली आम्ही तिला," ल्यूक म्हणाला. "तू ताट वाढलंस."

"सुटका कशी?"

"दुसऱ्या जिवंत माणसाचं नाव दिलं तर पहिलं सोडते... रविवारी रेडिओवर वाजायच्या आत. सगळ्या देशानं पोरीचं नाव घेतलं, की मग नाही."

"माझं देतो."

"आपल्या तोंडानं आपलं ठेवलेलं धरत नाही ती. लोकांनी म्हणावं लागतं."

टायगनं घरी येऊन हॅनोराला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती पोरीच्या पायांवर हात दाबून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

रेडिओची गाडी डब्लिनला परत गेली असं गुत्तेवाला म्हणाला होता. तेव्हा टायगनं फिडल काखेला मारलं आणि वाजवणाऱ्यांची घरं धरली. एकेका स्वयंपाकघरात उभा राहून ती जिग वाजवायचा आणि हात जोडायचा, की हिला टायग कॉन्सिडाइन म्हणा, एकदा म्हणा. माणसं भुईकडे बघायची. बायका पोरांना आत न्यायच्या. जुनी माणसं अजून ती गोष्ट विसरली नव्हती, आणि एका बापाला ठार करायला कुणाची जीभ उचलत नव्हती. चहा घेऊन जा म्हणायचे. चहा!

शेवटी तो पॅकी लिलिसकडे गेला. दलदलीच्या बांधावरून दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. एकमेकांचं वाटोळं होवो म्हणून दोघांनी मेणबत्त्या लावल्या होत्या. टायग त्याच्या अंगणात चिखलात गुडघ्यावर बसला. पूर्वीच्या सगळ्या शिव्या आज एका नावात घाल, बांध तुझा, दलदल तुझी, असं म्हणाला.

पॅकीचं तोंड पांढरं पडलं. "ऊठ रे, गाढवा," तो म्हणाला. "तुझं वाईट चिंतणं वेगळं... ते रोजचं आहे. हे मला जमणार नाही."

आणि त्यानं दार लावून घेतलं. आत तो रडत होता, ते टायगला बाहेर ऐकू आलं.

शनिवारी हॅनोरा दिवसभर घरात नव्हती. पवित्र विहिरीवर गेले होते, एवढंच म्हणाली. बाहेर दिवसभर पाऊस असून तिची शाल कोरडी होती आणि कोटाच्या खिशात बसचं तिकीट होतं, पण टायगला कुठे डोळे होते तेव्हा. डेलिया हाक मारली तरी ओळख दाखवत नव्हती. गोधडीखाली मात्र टाच, चवडा, टाच.

रविवारी दुपारी बाहेर धुकं दाटलं, घरात दिवा लावावा लागला. टायग रेडिओ फोडायला कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. हॅनोरानं त्याचा हात धरला. आपला फोडशील, देशातले किती फोडशील, म्हणाली. आणि तिनंच बटण फिरवलं.

खरखर आली. मग त्या माणसाचा गुळगुळीत आवाज. क्लेअरचे फिडलवादक टायग कॉन्सिडाइन, एक जिग... टायगनं कानावर हात दाबले. पण नाव यायचं ते आलंच.

"हॅनोरा कॉन्सिडाइन."

जिग सुरू झाली. आतल्या खोलीत पाय थांबले. किती शांत होतं ते, कुणाला सांगून कळणार नाही. मग डेलियाचा बारीक आवाज आला, "आई, भूक लागली."

टायग बायकोकडे बघत राहिला. गाडी अजून एनिस शहरातल्या हॉटेलापाशी होती, ती म्हणाली. बसच्या कंडक्टरला ठाऊक होतं. नवऱ्यानं दारूच्या भरात नाव चुकीचं सांगितलं, असं तिनं त्या माणसाला पटवलं होतं. तो बिचारा माफी मागत होता.

"हॅनोरा..."

"पोरीला भाकरी दे आधी," ती म्हणाली. "लोणी कपाटात आहे."

सोमवारी सकाळी टायग गाय सोडायला गेला तर पॅकी लिलिस बांधावर उभा. टोपी हातात. पोरगी बरी आहे का विचारलं. मग घुटमळला.

"काल रेडिओवर तुझ्या फिडलमागं नाचत कोण होतं रे? दोघी होत्या आधी. एक हलकी, एक जड पायाची. हलकी मध्येच थांबली."

जिग वाजवली तेव्हा गुत्त्याच्या त्या खोलीत टायग, रेडिओवाला आणि यंत्र, एवढेच होते. आणि खाली जाड गालिचा होता.

"जड पायाची," पॅकी हळू आवाजात म्हणाला, "धून संपली तरी थांबली नाही. बातम्या लागल्या... तरी चाललेलीच. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

टायगनं घराकडे पाहिलं. हॅनोरा दारात उभी होती, चौकट दोन्ही हातांनी धरून, खांबासारखी निश्चल. चहा झालाय म्हणून हाक मारत होती. धुकं होतं तिथंच होतं, वाऱ्याचा मागमूस नव्हता. आणि तिच्या एप्रनची लोंबती नाडी हलत होती, ठेक्यात.