पांड्याचा खुंट

क्रेटवर बसा हवं तर, पण पाय हलवू नका रे, चिकू दबतात. ट्रकवाला दहाला येतो म्हणालाय, म्हणजे अकरा धरा. तोवर एक सांगतो.

माझा भुतांवर विश्वास आहे का, ते विचारू नका. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. शेवटच्या गाडीत तिकिटं कमी आणि माणसं जास्त, असं कितीदा झालं. पण ते सगळे फुकटे होते, भुतं नव्हती. ही गोष्ट इथल्याच किनाऱ्यावरच्या झाई गावच्या काशीनाथची. शेवटचा भाग मी स्वतः पाहिलाय, बाकीचं त्यानं मला सांगितलं. आणि काशीनाथ खोटं बोलणारा माणूस नव्हे. आयुष्यात एकदाच बोलला. ते येईलच पुढं.

काशीनाथ तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याचा जोडीदार पांड्या. डावरा, दम्याचा, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. समुद्रात जाळं कसं बांधतात ठाऊक आहे ना? तळात लाकडाचा खुंट रोवलेला असतो, वर पाण्यावर खूण म्हणून पिंप तरंगतं. कुठला खुंट कुणाचा, हे शेताच्या बांधासारखं ठरलेलं. भरती संपून ओहोटी लागायच्या मध्ये पाणी घटकाभर थांबतं, तेव्हा जाळं ओढायचं. दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात असं ओढताना पांड्या गेला. काशीनाथनं किनाऱ्यावर येऊन त्याच्या बायकोला, भिकीला सांगितलं, "दोर तुटला. दोरासकट गेला."

प्रेत मिळालं नाही. त्यांच्या आळीत एक रीत आहे. माणूस गेला आणि सापडला नाही, तर त्याच्या खुंटाला तीन वर्षं कुणी दोर लावायचा नाही. पिंपाला काळं फडकं बांधायचं आणि लांबून जायचं.

काशीनाथनं होडी सोडली आणि इथं घोलवडला चिकू भरायला यायला लागला. पण हात चिकूत आणि जीव पाण्यात. पाणी थांबायची वेळ झाली की हा उठलाच. दुपारी असो की मध्यरात्री, नुसत्या येरझाऱ्या. त्याची बायको पुष्पा मला म्हणायची, "भाऊ, हा माणूस झोपत नाय. भरती-ओहोटी मोजत बसतो."

मग मयुराचा फोन आला. आपल्याच वाडीवाल्यांची मुलगी. मुंबईला शिडाच्या यॉटवर कामाला होती. हौशी लोकांना घेऊन मुंबई ते दीव समुद्रातून जायचं, तेही शिडावर. सुखाचा जीव दुःखात घालायचा आणि वर पैसे मोजायचे. ती म्हणाली, "काका, डहाणूपासून उमरगावपर्यंत जाळीच जाळी आहेत. रात्रीची वाट दाखवाल का?"

पुष्पाला वाटलं, हा नाही म्हणेल. हा शर्ट घालून दारात उभा.

तारीख सांगतो. शनिवार, दोन फेब्रुवारी दोन हजार एकोणीस. अमावस्येला दोन दिवस होते. संध्याकाळी पाचला डहाणूच्या खाडीबाहेर काशीनाथ त्या पांढऱ्या यॉटवर चढला. वर मयुरा, एक म्हातारा कॅप्टन आणि पुण्याचे दोन पाहुणे. चढल्या चढल्या मयुरानं त्याला जाकीट घातलं आणि कमरेचा पट्टा यॉटला अडकवला.

"बैल बांधल्यासारखं बांधलंस की गं!"

"पडलात तर ओढून वर घेता येतं, काका."

काशीनाथनं तो पट्टा दोनदा ओढून पाहिला.

नऊपर्यंत मजेत गेलं. मग वारा पडला. इंजिन लावलं तर पंख्यात वाहतं जाळं गुंडाळलं. भरती यॉटला झाईच्या खडकांकडं ढकलायला लागली. नांगर टाकला, तो चिखलात धरेना. तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात पिंप दिसलं. त्याला काळं फडकं.

कॅप्टननं विचारलं, "काशीनाथभाई, इससे बाँध लें?"

काशीनाथनं ओळखलं होतं. नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं की का नको, हेही सांगावं लागलं असतं. आणि ते सव्वादोन वर्षं त्यानं घशाखाली दाबून ठेवलं होतं. त्यानं नुसती मान हलवली.

मयुरानं आकडीनं पिंप ओढलं आणि नवा कोरा पांढरा दोर त्याला पक्का बांधला. यॉट थांबली. सगळ्यांनी चहा घेतला. कॅप्टन आणि पाहुणे खाली झोपायला गेले. सकाळी झाईच्या होडीला बोलावायचं ठरलं.

वर दोघंच. मयुरा आणि काशीनाथ.

पावणेबारा वाजले. भरतीनं ताणलेला दोर हळूहळू सैल पडला. पाणी थांबलं. काशीनाथ सवयीनं उभा राहिला.

आणि दोर ताणला गेला.

"वारा आला वाटतं," मयुरा म्हणाली.

वारा नव्हता.

दोन हिसके. मग थांबा... पुन्हा दोन हिसके. मग थांबा... यॉट पिंपाकडं सरकली. हातभर. आणखी हातभर.

काशीनाथनं ती ओढ ओळखली. दम्यामुळं पांड्या असाच ओढायचा. दोन हात ओढायचे, दम खायचा. सगळ्या झाईत असं ओढणारा तो एकटा.

मयुरानं टॉर्च मारला. पिंप दिसेना. दोर सरळ खाली गेलेला. यॉटचं पुढचं टोक वाकलं. पाणी वर आलं. तिच्या पायांवर.

"काका, कोण आहे खाली?"

काशीनाथ दोराकडं सरकला.

"काका!"

पुन्हा दोन हिसके. खाली भांडी कोसळली. कुणीतरी ओरडलं. मयुरानं सुरी काढली, दोरावर टेकवली.

"कापते मी!"

काशीनाथनं तिचं मनगट धरलं.

"नको. आता परत नको."

"बुडू आपण!"

"नको, पोरी."

तो गुडघ्यांवर बसला. तोंड पाण्याजवळ नेलं. मग बोलला.

"पांड्या... दोर तुटला नव्हता. तुझ्या पायाला वेढा पडला. होडी कलंडली. वर आम्ही तिघं होतो... तू हात वर केलास. मी एकट्यानंच बघितला तुझा हात. आणि कोयता घातला. मी कापला रे दोर... मी."

काही नाही.

नुसतं काळं पाणी.

मग यॉटचं टोक हळूच वर आलं. थोड्या वेळानं ओहोटी लागली. मयुरा सकाळपर्यंत त्याचा हात धरून बसली होती, तिनंच मला सांगितलं.

उजाडल्यावर झाईची होडी आली. मयुरा दोर ओढायला लागली तर तो सहज येत गेला. पिंप पुन्हा वर आलं होतं, पण त्याला काहीच बांधलेलं नव्हतं. रात्रभर ओहोटी वाहत होती आणि यॉट जागची हलली नव्हती. पांढऱ्या दोराच्या टोकाला एक गाठ होती. गाठीपुढं दीड हात जुना हिरवा दोर, शिंपल्यांनी भरलेला.

तेव्हा मी नोकरीत होतो, माझी पहिली गाडी झाईला अर्धा तास थांबायची. काशीनाथ स्टॉपवर उभा होता, हातात पिशवी. म्हणाला, "रविंद्रभाऊ, चल माझ्यासोबत. एकट्याचे पाय उचलत नायत."

भिकी अंगणात बोंबील वाळत घालत होती. त्यानं दोर तिच्या पुढ्यात ठेवला. जन्म जाळी विणण्यात गेलेली बाई ती. हिरव्या दोराचं मोकळं टोक तिनं अंगठ्यानं चाचपलं.

"तुटलेला दोर पिंजतो," ती म्हणाली. "हा एका घावाचा हाय."

"मी कापला, भिकी."

मला तिथून पळावंसं वाटलं. मग ती म्हणाली, "सव्वादोन वर्षं मी त्या दोराला शिव्या घातल्या. आणि तुला या हातानं जेवायला वाढलं." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "जा. तोंड दाखवू नको."

काशीनाथ गेला. त्या रात्री तो झोपला, आठ वाजेपर्यंत झोपला, पुष्पा सांगते. भिकी त्याच्याशी अजून बोलत नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

मीही निघालो होतो, गाडीची वेळ झाली होती. तिनं हाक मारली.

"भाऊ, ही गाठ कोणी मारली?"

मी म्हटलं, वाटेत काशीनाथ सांगत होता, मयुराची नाही. नंतर मी फोन करून एकेकाला विचारलंसुद्धा. कॅप्टन, पाहुणे, मयुरा, काशीनाथ. कंडक्टरची खोड, डोकी मोजल्याशिवाय राहवत नाही. पाचही जण उजव्या हाताचे.

भिकीनं दोर माझ्यासमोर धरला. पांढऱ्या दोराचा वेढा हिरव्यावरून उलट्या बाजूनं फिरवून आवळलेला होता.

"बघ," ती म्हणाली. "डावऱ्या हाताची हाय."