फरशीवरची नाव

फसली १३५३च्या, म्हणजे इंग्रजी १९४४च्या, उन्हाळ्यात आमच्या घरी नाव आली. नांदेडात चौफाळ्यात आमचं धाब्याचं घर. मागे शहाबादी फरशीचं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात आड. त्या वैशाखात आडाचं पाणी इतकं खाली गेलं होतं, की पोहरा तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज वर यायचा.

माझे यजमान उद्धवराव तामिरात, म्हणजे बांधकाम, खात्यात नकाशे काढायचे. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मूलबाळ नव्हतं. सुट्टी लागली की यांना हाताला काहीतरी काम हवं असायचं. आदल्या वर्षी भिंतीवरचं घड्याळ उघडून झालं होतं, त्याआधी पायपेटी. या वर्षी मुदखेडकडच्या एका जागीरदाराच्या सामानाचा लिलाव झाला, आणि हे तिथून बैलगाडीत एक नाव घालून घेऊन आले.

मुर्गाबीच्या शिकारीची नाव होती. लांबट, उथळ, एका माणसापुरती. शिकाऱ्यानं तिच्यात पालथं पडायचं, बंदूक पुढच्या खोबणीत टेकवायची आणि रानबदकांच्या थव्याजवळ हळूच सरकत जायचं.

"सागवान आहे," हे म्हणाले. "नुसत्या फटी पडल्यात. हिवाळ्यात गोदावरीत घालू."

नावेत एक पितळी वाडगा पडला होता, पाणी उपसायचा. त्याची एक कड घासून घासून कागदासारखी पातळ झाली होती. मी तो चिंचेनं घासून ठेवला.

नाव अंगणात दोन ओंडक्यांवर बसवली. यांनी जुनी राळ खरवडून काढली, फटींत ताग ठोकून बसवला आणि अळशीच्या तेलात कालवलेली राळ वरून भरली. घरभर तो वास झाला. मग लाकूड फुगावं म्हणून नावेत पाणी भरून ठेवायचं होतं. आडाचं गढूळ पाणी आम्ही दोघांनी शेंदलं. एक थेंब गळला नाही. पाणी काढून नाव उन्हात वाळवली, आणि हे हौसेनं तिच्यात पालथे पडले.

"माझ्याच मापाची आहे गं," आतून आवाज आला. जरा दबलेला वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावेत वीतभर पाणी होतं.

मला वाटलं, यांनीच पुन्हा भरलं. यांना वाटलं, मी. पाणी स्वच्छ होतं, गार होतं, त्याला शेवाळाचा वास होता. आमच्या आडाचं ते नव्हतं. मी वाडग्यानं उपसून तुळशीला घातलं. दुपारी पुन्हा तेवढंच. त्याच दिवशी यांना खोकला सुरू झाला.

मी गणित शिकवणारी बाई. नावेच्या फळीवर खडूनं रेघ मारली आणि लक्ष ठेवलं. पाणी रेघेच्या वर गेलं, की घरात यांच्या छातीत घुरघुर सुरू व्हायची. उपसलं, की हे शांत झोपायचे. एकदा मुद्दाम उपसलं नाही. हे उठून बसले, ओठ काळेनिळे पडले, हात हवेत चाचपडायला लागले. मी धावत जाऊन वाडगा उचलला. त्यानंतर असली परीक्षा पुन्हा घेतली नाही.

डॉक्टर महादेवप्पा निलंग्याकडचे, मोजकं बोलणारे. त्यांनी छातीला नळी लावली.

"पाणी झालंय छातीत. पुष्कळ."

"जरा थांबा," म्हणून मी अंगणात गेले, नाव कोरडी करून आले. "आता बघा."

त्यांनी पुन्हा नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिले. मग खिडकीतून अंगणाकडं पाहिलं, आणि माझ्या ओल्या हातांकडं.

"बाई, ती वस्तू घरातून काढा," एवढंच म्हणाले. औषध लिहून दिलं नाही.

शेजारच्या रहमतबीनं तिच्या घरातले गडी पाठवले. नाव काही जड नव्हती, बैलगाडीतून उतरवताना आम्ही दोघांनीच धरली होती. पण गड्यांनी लोटली की ती डुलायची. ओंडक्यांवर, कोरड्या फरशीवर, एका अंगावर कलायची आणि परत सरळ व्हायची. पुढं मात्र बोटभर सरकेना. एका गड्यानं फोडू का म्हणून कुऱ्हाडीचा दांडा फळीवर नुसता ठोकला, तर आत हे छाती धरून ओरडले. गडी हात पुसत निघून गेले. परत आले नाहीत.

शाळा उघडली. मी रजा मागितली. पाणी आता लवकर चढायला लागलं होतं. मी अंगणातच जेवायची, अंगणातच डुलकी काढायची, एक हात नावेच्या काठावरून आत सोडून. बोटं भिजली की जाग यायची.

"बाई, काय करून राहिल्या हो तुम्ही?" रहमतबी दारातून म्हणाली. "जरा पडा ना. मी उपसते."

तिनं उपसलं. वाडगा भरून बाहेर यायचा, पण नावेतलं पाणी उतरायचं नाही. आत यांचा श्वास घरघरत राहिला. तिनं वाडगा माझ्या हातात परत दिला.

शेवटी मला एक सरळ हिशेब सुचला. बुडाला भोक पाडलं, तर पाणी आपोआप फरशीवर वाहून जाईल. उपसायलाच नको. मी यांचं गिरमिट घेतलं, नावेत उतरले आणि दोन्ही हातांनी फिरवायला लागले. सागवान कठीण. लाकडाचा भुगा वर आला. मग टोक पार गेलं.

पाणी खाली गेलं नाही.

ते खालून वर आलं. अंगठ्याएवढी धार, थंडगार, जोरात.

मी काठावरून वाकून पाहिलं. नावेखाली फरशी कोरडी ठणठणीत होती. मुंग्यांची रांग चालली होती.

आत यांचा आवाज बंद झाला.

मी टाच भोकावर दाबली. पदर फाडला, बोळा केला, कोंबला, त्यावर बसले. आणि उपसायला लागले. किती वेळ, ठाऊक नाही. मग आतून एक लांब श्वास ऐकू आला.

रहमतबी घरात जाऊन पाहून आली. "हायेत. चांगले हायेत, बाई. आता उतरा तुम्ही."

मी एक पाय बाहेर टाकला. फरशी तिथं दिसत होती, पायाच्या खाली, हातभर.

पाय खाली गेला. गुडघ्यापर्यंत गेला, मांडीपर्यंत गेला. टेकला नाही.

मी तो आत ओढून घेतला. लुगडं ओलं झालं होतं.

हे आता बरे आहेत. खोकला गेला, अंगावर मांस चढलं, दफ्तराला जातात. सकाळ-संध्याकाळ माझ्याजवळ येऊन फरशीवर बसतात, माझे केस विंचरून देतात. "मी बसतो आत, तू उतर," असं यांनी पुष्कळदा म्हटलं. पण काठाला हात लावला, की यांना ठसका लागतो. मग मीच म्हणते, "अहो, राहू द्या." मला विशेष त्रास नाही. बोळा घट्ट बसलाय. एका हातानं उपसणं जमतं. झोप तेवढी लागत नाही.

रहमतबी भाकरी घेऊन येते. पुन्हा वैशाख आलाय; आज ती आली तेव्हा टळटळीत ऊन होतं. ती दारातच थबकली.

"या अल्ला! एवढ्या उन्हाळ्यात मुर्गाबी?"

मी वळून पाहिलं. माझ्या मागे सात-आठ रानबदकं होती. रहमतबी ताट घेऊन त्यांच्यामधून चालत आली. तिच्या चपला फरशीवर वाजत होत्या. बदकं तिला वाट देत बाजूला झाली.

बदकं फरशीवर बसलेली नव्हती. फरशीच्या हातभर वर होती. खाली त्यांच्या सावल्या पडल्या होत्या, आणि मधल्या मोकळ्या हवेत त्यांचे पाय वल्ह्यांसारखे सावकाश हलत होते.