मरायला टेकलं की चालणारा पत्ता

प्रयोगशाळेच्या पडद्यावर एक हिरवट गोळा धडधडत होता. खेळाडूंच्या लेखी तो संगणकावरच्या पत्त्यांच्या खेळातला शेवटचा बॉस, म्हणजे सर्वांत बलाढ्य शत्रू; डॉ. मुजावरांच्या लेखी शशांक खानोलकरच्या फुप्फुसातला, कुठल्याच औषधाला न जुमानणारा जंतू. औषधांचा क्रम शोधायला हा खेळ रचणारी मृदुला ही शशांकची सख्खी बहीण. तो पलीकडच्याच खोलीत होता, काचेआड.

"तुझे ते खच्चीपत्ते पुन्हा एकदा समजावून सांग," मुजावर म्हणाले.

"एक पत्ता म्हणजे तुमचं एक औषध. ते बॉसला मारत नाही, खच्ची करतं. मोकाट चालू दिलं तर बॉस पहिल्याच फटक्यात आडवा, मग खेळायचं कशाला? आणि चालूच दिलं नाही, तर पत्ते चुलीत घाला. म्हणून मी मधला मार्ग काढला. बॉस खाल्लेला मार विसरत नाही. तोच पत्ता दुसऱ्यांदा निकामी."

"जंतूही तस्साच."

म्हणजे सगळी मदार क्रमावर. तो लाखो खेळाडूंनी शोधला होता. जिंकलेले डाव एकच सांगत होते: सर्वांत जालीम पत्ता राखून ठेवा, आपला जीव अगदी धुगधुगीला आला की टाका. मुजावरांना हे पटलं नव्हतं. पण इतके विजेते एकमुखाने सांगतात म्हटल्यावर शहाण्या माणसानेही मान डोलावली. आकडे बघितले की भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं.

शशांक खालावत गेला, सर्वांत जालीम औषध कपाटात पडून राहिलं. आज सकाळी ते टोचलं. दुपार झाली, तरी जंतू ढिम्म.

"खेळात तो इथेच कोसळतो. का कोसळतो, मृदुला?"

हरणारा खेळाडू चिडून खेळ सोडतो, म्हणून या धंद्यात सगळेच करतात ते तिनेही केलं होतं. इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगायचं सुचलंच नव्हतं.

"खेळाडू मरायला टेकला की मी बॉसला गुपचूप ढिला करते," ती म्हणाली. "तेवढ्यापुरता कुठलाही पत्ता चालतो. लोकांना वाटतं, आपण जिंकलो."

"अंगात ताकद होती तेव्हाच दिलं असतं तर..." मुजावर थांबले. "आता पुन्हा देऊन बघू?"

"तोच पत्ता आहे, डॉक्टर."

काचेआड शशांकने कसाबसा हात उचलून तिला अंगठा दाखवला. हा बॉस त्यानेही खेळून हरवला होता. आता तो कोसळणार, याची त्याला खात्री होती.