कैलासने आत हात दिला

ठक… ठक… लाकडाच्या आतून आलेला तो आवाज कैलासने लहानपणी एकदाच ऐकला, पण तो त्याच्या कानातून कधी गेला नाही. चामटोलीला त्याचा बाप अंबरनाथच्या कारखान्यांसाठी लाकडी खोकी बनवायचा. एकदा टेम्पोत चढवताना झाकण निसटू नये म्हणून बापाने वरून चार खिळे मारले, आणि आतून ठकठक सुरू झाली. धाकटी सोनू लपाछपी खेळताना खोक्यात शिरली होती, तिथंच झोपली होती. झाकण उचकटलं तेव्हा पोरीचे ओठ निळे. वाचली, नशीब.

त्या दिवसापासून बापाने घरात नेम घालून दिला. काहीही बंद करायच्या आधी आत तोंड घालून विचारायचं, "कोण आहे का?" ओ आली, तर आधी हात धरून बाहेर काढायचं. बाकीचं मागाहून.

कैलास माझ्या ओळखीतला, पोरांनो. उल्हासनगरात फर्निचरचं काम शिकला. उगाच काही सांगणारा माणूस नव्हे. ऐका मग.

मागच्या डिसेंबरातला मंगळवार. खरवईला एका नव्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, त्याचं काम संपत आलं होतं. वरद आणि हिमानी, तरुण जोडपं. वरद आनंदनगरला कारखान्यात, त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट. घरात पुस्तकंच पुस्तकं. हॉलला लागून एक बिनखिडकीची खोली होती. तिच्या तोंडावर पुस्तकांचं कपाट बसवायचं, आणि ते कपाटच दारासारखं फिरलं पाहिजे, अशी दोघांची हौस.

"एवढं लपवून ठेवणार काय ताई आत? सोनंबिनं?" कैलासने विचारलं होतं.

"सोनं कुठलं, दादा! माझ्या सासरचे पाहुणे आले की मी लपणार."

अशी हसरी बाई. दिवसभरात तीनदा चहा केला तिने.

रात्री साडेआठला शेवटचा खिळा बसला. कपाट अजून एकदाही पूर्ण लावलेलं नव्हतं. हिमानी मागेच उभी होती, बघायला. कैलासने कपाटाला हात घातला…

लाईट गेली.

अख्खी बिल्डिंग अंधारात. कैलास चाचपडत पिशवीपाशी गेला, मोबाईल शोधला, टॉर्च लावला. हिमानी होती तिथंच होती, भिंतीला टेकून.

"लावा ना दादा. अंधारात तरी बघू कसं दिसतं."

कैलासने सवयीने कपाट आणि भिंतीमधल्या फटीत तोंड घातलं.

"कोण आहे का?"

"आहे."

हळू आवाज. बाईचा.

कैलासचा हात कपाटावरच राहिला.

"दादा, मी हिमानी. लाईट गेली तशी मी आत ढकलले गेले. लावू नका ना दार… पाया पडते."

तोच आवाज. तस्साच. कैलासने मागे टॉर्च फिरवला. हिमानी उभी होती. चेहरा पांढरा पडलेला.

"दादा… आत कोण बोलतंय?"

"तुम्ही कोण?" कैलासने विचारलं.

"मी हिमानी! असं काय करता?" तिला रडू फुटलं. "लावा हो ते. लावा आधी!"

आतून हुंदका. "माझा जीव घुसमटतोय, दादा…"

घुसमटतोय.

त्या एका शब्दाने कैलासच्या डोळ्यांपुढे सोनूचे निळे ओठ आले. आतली खरी असेल आणि आपण दार लावलं तर? पुढचा विचार त्याने केलाच नाही.

"दादा, नको…" मागून आवाज आला.

त्याने आत हात दिला.

एका हाताने तो धरला. गार. ओल्या लाकडासारखा. कैलासने जोर लावून ओढलं. ती बाहेर आली आणि त्याच्या दंडाला बिलगली. मागे कपाट आपोआप लागलं. खट्.

"बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं, दादा."

मागे… शांत.

कैलासने टॉर्च वळवला. भिंतीपाशी ती दुसरी उभी. तोंड उघडत होती, मिटत होती. आवाज नव्हता. तिने गळ्याला हात लावला. पुन्हा प्रयत्न केला. नाही. कैलासकडे बघत राहिली… नुसती बघत राहिली.

उजेड खाली गेला. दिवसभर कापलेल्या प्लायचा भुसा हॉलभर पसरला होता. कपाटापासून त्याच्यापर्यंत त्याची स्वतःची पावलं. बिलगलेल्या बाईच्या पायाखाली भुसा सपाट. एक रेघसुद्धा नाही.

भिंतीपाशी दोन पावलं उमटलेली होती. टाच, बोटं, सगळं स्पष्ट.

"ताई…" कैलास म्हणाला.

भिंतीपाशची ती वळली. भुशात एक पाऊल उमटलं. मग दुसरं. दारापर्यंत. कडी काढली, आणि जिना उतरून गेली. कैलासच्या दंडावरचा गार हात तसाच होता.