करकोचा दिसेपर्यंत

मार्चच्या पहिल्या तारखेला नेव्हेना शिडीवर होती आणि शिडी धरायला कोणी नव्हतं. बल्गेरियातल्या बुर्गासच्या खाऱ्या तळ्याकाठी विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी आहेत. त्यांच्यावर कॅमेरे रोखायचे आणि त्यांनी टिपलेलं सगळं पक्षी-केंद्रात जपून ठेवायचं, हे तिचं काम. एवढ्यात पायवाटेवरून एक उंच तरुण येताना दिसला. नवा स्वयंसेवक असणार, असं तिनं ठरवूनच टाकलं.

"बरं झालं आलात. धरा."

त्यानं बॅग चिखलात ठेवली आणि शिडी धरली. तीन खांब झाले. मध्ये गाराही पडून गेल्या. मार्च म्हणजे लोककथेतल्या लहरी मार्ता आजीचा महिना, घटकेत हसणार, घटकेत फणकारणार. चौथ्या खांबाशी तो हळूच म्हणाला, "मी यावोर. सोफियाहून आलोय. तुमच्या स्टोरेजवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायला..."

नेव्हेनाचा हात हलला आणि चौथा कॅमेरा तिरका बसला. घरट्याबरोबर खालचा रस्ताही त्यात दिसू लागला.

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

ती खाली उतरल्यावर त्यानं खिशातून लाल-पांढरा दोरा काढला. आजच्या दिवशी मनगट मोकळं ठेवू नये, म्हणाला. तिनं हात पुढे केला, का केला कोण जाणे... त्यानं दोरा बांधला, आणि तिच्या पाकिटातला तसाच दोरा त्याच्या मनगटावर गेला. रिवाज असा, की पहिला करकोचा दिसेपर्यंत तो सोडायचा नाही. दिसला की फुललेल्या झाडाला बांधायचा.

सॉफ्टवेअर तीस दिवस वापरून बघायचं ठरलं. पुढचं सगळं खरं तर फोनवर झालं असतं, पण यावोर दर आठवड्याला पाच तास बसमध्ये बसून यायचा. आणि नेव्हेनाच्या प्रश्नांना तोटा नव्हता. एखादी गोष्ट तशी का आहे, हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"लायसन्स कशावर असतं? माणसांवर की यंत्रांवर?" तळलेले मासे खाता खाता तिनं विचारलं.

"जागेवर. जितक्या टेराबाइटवर नजर ठेवायची, तितक्याचं."

"भरलेल्या जागेवर ना?"

"छे. सगळ्या. पिंप केवढं ते मोजतात, आत वाइन किती ते नाही."

"आमचं डिस्कांचं चौथं कपाट कोरं करकरीत आहे. तेही मोजणार? हा कुठला न्याय?"

यावोर हसला. डिस्क काय भरल्यावरच बिघडते असं नाही, म्हणाला. रिकामीही मरते, आणि नेमकी पाखरं आल्यावर ते कळतं.

नेव्हेनाचा घास हातातच राहिला. गेल्या वसंतात हेच झालं होतं. एक डिस्क गुपचूप मेली आणि पिल्लं अंड्यातून बाहेर येतानाचे अकरा दिवस कायमचे गेले. दोष कोणी दिला नव्हता, पण तिनं स्वतःला माफ केलं नव्हतं. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. यावोरला सांगितलं. त्यानं आपल्या ताटलीतला शेवटचा मासा तिच्याकडे सरकवला.

पेच असा होता. केंद्रात चाळीस-चाळीस टेराबाइटची चार कपाटं, आणि संचालक क्रास्तेव्ह साहेबांनी मंजूर केलेलं लायसन्स एकशेवीसचं. म्हणजे एक कपाट अंधारात राहणार. कुठलं? याच प्रश्नानं तिची झोप उडाली होती. दुसराही एक प्रश्न होता, तो ती स्वतःलाही विचारत नव्हती. मुदत संपली की यावोर इथे कशाला येईल?

अठरा तारखेला पडद्यावर पहिला करकोचा उतरला. केंद्रात वादाला तोंड फुटलं, दोरा सोडायचा की नाही? क्रास्तेव्ह साहेबांनी निकाल दिला, पडद्यावरचं धरत नाही. मग सगळे बाहेर धावले, वर बघून आले आणि दोरे सोडून मोकळे झाले. नेव्हेना मात्र खाली मान घालून फिरू लागली. मान धरली का, म्हणून सगळे चिडवायचे. ती आणखीच खाली बघायची.

तीस तारखेला यावोर आला आणि स्क्रीनसमोर बसला.

"पहिल्या कपाटात काय आहे?"

"जुनं चित्रण. ते टेपवर उतरवून झालंय. सवयीनं चालू आहे, एवढंच."

"मग बंद करा. पण नुसतं बंद करून भागणार नाही, यादीतून काढा. यादीत आहे तोवर ते मोजलं जातं."

तिनं काढलं. एकशेसाठचे एकशेवीस झाले. चौथं कपाटही नजरेखाली आलं. तिला हायसं वाटलं, आणि लगेच डोक्यात किडा वळवळला.

"हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगू शकला असतात."

यावोरचे कान लाल झाले. "सांगू शकलो असतो. पण मग... पहिल्याच आठवड्यात काम संपलं असतं."

बस स्टॉपपर्यंत दोघं बरोबर चालत गेले. तिथल्याच चौथ्या खांबावरून चोचींचा खडखडाट ऐकू आला. नेव्हेना स्वतःच्या बुटांकडे बघत उभी राहिली.

"वर बघा ना."

"नाही बघणार."

"का?"

"बघितलं तर दोरा सोडावा लागेल... आणि मला तो सोडायचा नाहीये."

यावोरनं बाही वर केली. विटलेला लाल-पांढरा दोरा तिथेच होता.

"मी पंधरा तारखेलाच पाहिले. बसमधून. चांगले सात-आठ होते."

"आणि सोडला नाहीस?" अहो-जाहो कधी गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही.

"एकट्यानं सोडायचा नव्हता."

बस आली, थांबली आणि त्याला न घेताच निघून गेली. मग नेव्हेनानं मान वर केली. घरट्याच्या काठावर तो उभा होता, लाल पायांचा, ऐटबाज. रस्त्याकडेचं रानआलुबुखार फुलांनी पांढरं झालं होतं. दोन दोरे एकाच फांदीला बांधले गेले. हात मात्र सुटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी क्रास्तेव्ह साहेब चौथ्या कॅमेऱ्याचं चित्रण बघत होते. नेव्हेना दारात आली आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातला रस्ता आणि त्यावरची दोघं बघून जागच्या जागी थबकली.

साहेबांनी चष्मा काढला आणि शांतपणे पुसला.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "पडद्यावरचं मी धरत नाही. त्याला प्रत्यक्ष घेऊन ये."