चौथा फोन

करंट गेलाय, हर्षिता. मेणबत्ती लाव, तोवर सांगते. भूतबित मी मानत नाही गं. वीस वर्षं माणसांना गुंगी देऊन परत उठवणारी डॉक्टर मी. तरी हे घडलं.

सत्त्याण्णव साल. आमच्या बेंगळूरच्या इस्पितळात होसकोटेच्या रत्नाबाई पित्ताशयाच्या ऑपरेशनात टेबलावरच गेल्या. गुंगी सांभाळायला शिकाऊ सिद्धी होती. "सव्वाअकराला नाडी पडायला लागली, अक्का. सरांना तीनदा फोन केला, उचललाच नाही," पोर हुंदके देत सांगत होती. पण चार्ट वेगळंच बोलत होता. आमचे विभागप्रमुख डॉ. सुधींद्र यांची एक खोड: पेशंट झोपला की पुढच्या तासाचे आकडे आधीच सुबक अक्षरात भरायचे आणि खोलीवर कॉफीला जायचं! त्या आकड्यांत अकरा चाळीसपर्यंत सगळं आलबेल. म्हणजे कागदोपत्री घोटाळा पोरीनंच केला, नाडी पडलेली तिला वेळेत कळलीच नाही. सोमवारी मी चौकशीच्या कागदावर सही केली की तिची डॉक्टरकी संपणार होती.

रविवारी दुपारी मी शिकवणीच्या खोलीत गेले. तिथं नवा काँप्युटर होता; स्क्रीनवर खोटा पेशंट, मुलं त्याला खोटी औषधं देऊन शिकायची. मी रत्नाबाईंचं वय, वजन, औषधं भरली. त्यातलं घड्याळ अकरावर लावलं. नुसतं गणित, दुसरं काय!

पंधरा मिनिटं बरी गेली. टुक... टुक... मग नाडी ऐंशी, साठ, चव्वेचाळीस. औषध दिलं, तरी उतरतच गेली. तेवढ्यात करंट गेला. खिडक्या बंद असलेली ती खोली मिट्ट काळी. टुक मात्र थांबेना... गुंगीच्या औषधाचा गोडसर वास आला, त्यात मोगरा. रत्नाबाईंच्या वेणीत होता तो. घाबरले मी, खोटं कशाला सांगू.

पण डोकंही सणकलं. "बाई, मला कशाला घाबरवता?" मी अंधारालाच म्हटलं. "काय झालं ते दाखवा!"

करंट आला. स्क्रीनवर नोंदी होत्या. वरिष्ठांना बोलवायचं मदतीचं बटण मी शिवलंही नव्हतं. मदत मागितली, ११.१५. पुन्हा ११.१९. पुन्हा ११.२४. आणि चौथी, ११.३१. तिच्यापुढं लिहिलं होतं, उत्तर मिळालं.

छापलेला कागद सोमवारी मी सरांपुढं आपटला.

"हे खेळणं आहे, नीलिमा. पुरावा नव्हे."

"नसू दे. मी सही करत नाही, सर. काय करायचं ते करा. तीन फोन सिद्धीचे. चौथा कोणाचा?"

त्यांनी कागद वाचला आणि मटकन बसले. "तो... सिद्धीचा नव्हता. कोणी वयस्क बाई होती. 'डॉक्टर, स्वल्प लौकर या ना...' म्हणाली. मी म्हटलं, सरी, बरं, आलोच."

"आणि कॉफी संपवलीत?"

त्यांनी हात पुढं करून पेन मागितलं. माझ्याच पेनानं त्यांनी कबुली लिहून दिली. सिद्धी सुटली; आता के. आर. पुरमला काम करते.

पण त्या वेळी रत्नाबाईंच्या घशात नळी होती गं. नळी असताना माणसाला आवाज फुटत नाही, हे आमच्यातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं.

शिकवणीच्या खोलीतला फोन अजूनही अधूनमधून वाजतो, बरोबर अकरा एकतीसला. मुलं दचकतात. मी मात्र धावत जाऊन उचलते. "मी आहे, बाई. बोला."

पलीकडं कोणी बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो, नळीतून घेतात तसा.